फुलझाडाचं आडनाव विचारून घ्या

अमरावतीच्या किंवा नागपूरच्या बसस्थानकावर नुसतं ‘कारंजा’ म्हटलं की समोरचा विचारणारच : लाड की घाडगे? एक वाशीम जिल्ह्यातलं, दुसरं वर्धा जिल्ह्यातलं. आडनाव सांगितलं नाही तर माणूस भलत्याच गावी उतरायचा. रोपवाटिकेत शिरताना मात्र हे शहाणपण आपण घरी ठेवून जातो. ‘एक चाफा द्या’, ‘तगर आहे का’, ‘जाईचं एक रोप द्या’ असं म्हणतो, माळी हातात देईल ते घेऊन येतो, आणि दोन वर्षांनी पहिलं फूल उमललं की कळतं, आपल्याला हवं होतं ते हे नव्हेच.

आपल्या कारंजा-लाडच्या नावातल्या करंजाचंच पाहा ना. करंज ऋषींवरून गावाला नाव पडलं असं सांगतात. पण करंज म्हणजे नेमका कोणता? रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावतात, ज्याच्या बियांचं तेल निघतं, तो एक. आणि ज्याच्या काटेरी शेंगांत सागरगोटे सापडतात, तो लताकरंज दुसरा. पहिला अंगणात लावला तर सावली मिळेल. दुसरा लावला तर वर्षभरात अंगणात पाय ठेवायची सोय राहणार नाही.

कारंज्यात आणि आसपासच्या खेड्यांत ज्यांना अंगणात, कंपाउंडच्या भिंतीलगत किंवा वावराच्या धुऱ्यावर फुलझुडपं लावायची आहेत, त्यांच्यापुढे दोन प्रश्न असतात. मागायचं नेमकं कोणतं झाड, आणि ते आपल्या काळ्या मातीत, वैशाखाच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत टिकेल का. हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण वेगळे नाहीत. नाव चुकलं की माती चुकते, जागा चुकते, कधीकधी जिवावरही बेततं.

नावं घसरतात कशी

आपल्याकडच्या रोपवाटिकांत दिसणारी बरीच रोपं इथं तयार झालेली नसतात. आंध्रातल्या गोदावरीकाठच्या कडियमहून, पुण्याजवळच्या उरुळी कांचनकडून ट्रक भरून माल येतो, आणि मालाबरोबर त्याची नावंही येतात. अनंताला मग ‘गंधराज’ म्हणायचं, कुंतीला ‘मधुकामिनी’, मोगऱ्याला ‘बेला’. माळ्याची यात लबाडी नसते. त्याला ज्या नावानं मिळालं त्या नावानं तो विकतो. आजीला माहीत असलेलं नाव त्याला ठाऊक नसतं, आणि त्याचं नाव आजीला.

दुसरी अडचण पुस्तकांची. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. झाडांची मराठी नावं शोधताना अजूनही त्याचा आधार घेतात. पण वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. त्यामुळे छापील मराठी नावांत पुणे-कोकणचा आवाज मोठा आणि वऱ्हाडचा बारीक. आपल्या भागाची नोंद हवी असेल तर कांबळे आणि प्रधान यांचं अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक पाहावं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं ते १९८८ मध्ये काढलं. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, म्हणजे त्या पुस्तकातल्या अकोल्यात कारंजाही आहे.

म्हणून माझा आग्रह एवढाच की रोजचं नाव सोडू नका, पण त्याच्या जोडीला झाडाचं शास्त्रीय नाव चिठ्ठीवर लिहून न्या. ते देवनागरीत लिहिलं तरी चालतं. लिनीअसनं १७५३ मध्ये दोन शब्दांची पद्धत रूढ केली ती याच भानगडीसाठी : पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या झाडाचा स्वतःचा. आणि चिठ्ठीपेक्षाही उपयोगी पडते ती पानाची, चिकाची आणि फुलाची खूण. मोबाइलमधली झाड ओळखणारी अ‍ॅप फुलाच्या फोटोवरून बरं सांगतात, नुसत्या पानावरून पुष्कळदा फसतात. खूण फसत नाही.

चाफा म्हणजे कोणता?

सगळ्यात जास्त गोंधळ या नावात. देवळाच्या आवारात वाकड्यातिकड्या जाड फांद्यांचा, हिवाळ्या-उन्हाळ्यात पानं झडून बोडका होणारा, पांढऱ्या फुलाच्या पोटात पिवळा रंग असलेला तो देवचाफा, म्हणजे प्लुमेरिया. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. देवळात तो इतका रुळला आहे की मूळचा अमेरिकेतला आहे हे सांगून पटत नाही. सोनचाफा निराळाच, तो मॅग्नोलिया घराण्यातला, उंच वाढणारा वृक्ष. त्याला चीक नाही, पानं गळून उघडा पडत नाही. हिरवा चाफा ही आकड्यांनी चढणारी झुडूपवजा वेल आहे, सीताफळाच्या कुळातली. तिची फुलं आधी वासानं सापडतात, मग डोळ्यांना. कवठी चाफा आणखी वेगळा, नागचाफा त्याहून वेगळा, आणि भुईचाफा तर हळदीच्या कुळातला कंद.

कारंज्यापुरतं सांगायचं तर देवचाफा डोळे मिटून लावा. मुरमाड जागा, कडक ऊन, आठ-पंधरा दिवसांचा पाण्याचा खाडा, सगळं तो सोसतो. फक्त पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. जाड फांदी आतून कुजते. सोनचाफ्याचा हट्ट धरणाऱ्यांना मात्र मी आधी माती दाखवा म्हणते. चुनखडीच्या काळ्या मातीत त्याची पानं पिवळी पडतात, आणि पश्चिमेच्या उन्हात कडा करपतात. कलमी रोप, पूर्वेची बाजू आणि उन्हाळ्यात नियमानं पाणी, एवढं जमणार असेल तरच त्या वाटेला जा.

पांढरी फुलं, तीन घराणी

देवपूजेची पांढरी फुलं बहुतेक घरांना हवी असतात, आणि तिथंच तगर-अनंत-कुंती यांची अदलाबदल होते. दुहेरी पाकळ्यांची तगर अनंत म्हणून गळ्यात पडू शकते. ओळखायला क्षणभर पुरे : एक पान देठाशी तोडा. पांढरा चीक आला तर तगर, नाही आला तर अनंत. अनंताच्या पानावरच्या शिरा ठसठशीत उठलेल्या असतात, आणि फूल जुनं होताना पांढऱ्याचं पिवळट होतं.

यात तगर आपली. ऊन चालतं, अर्धी सावली चालते, काळी माती चालते, छाटली की भरगच्च होते, बारा महिने थोडीफार फुलं देते. एकेरी तगरीला चांदणी म्हणतात. माझ्या मते दुहेरीपेक्षा तीच देखणी आणि काटकही. एक सावधगिरी : काष्ठौषधीच्या दुकानात ‘तगर’ मागितली की मुळ्या मिळतात, त्या हिमालयातल्या दुसऱ्याच झाडाच्या. अंगणातल्या तगरीची मुळं उकळून काढ्यात घालण्याचा खटाटोप कोणी करू नये.

अनंताची गोष्ट वेगळी. त्याला आम्लधर्मी, निचऱ्याची माती हवी. आपल्या काळ्या मातीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक शेणखत वाढवतात, पाणी वाढवतात, आणि झाड आणखी खंगतं. कृषी केंद्रात मिळणारं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, अशी फवारणी संध्याकाळी पानांवर करावी आणि पंधरवड्यानं पुन्हा. मातीतून द्यायचं तर हिराकस आपल्या मातीत वाया जातं. चिलेटेड लोहातला ‘ईडीडीएचए’ हा प्रकार मागावा, चुनखडीत तोच टिकतो. तरी खरं सांगायचं तर अनंत इथं जमिनीत लावूच नये. मोठ्या कुंडीत लाल माती, पानांचं कुजलेलं खत आणि थोडी वाळू घालून पूर्वेच्या ओसरीवर ठेवावा, बोअरच्या जड पाण्याऐवजी साठवलेलं पावसाचं पाणी जमेल तेव्हा द्यावं. हेच इक्झोऱ्यालाही लागू. लाल-केशरी गुच्छांचं हे झुडूप पुण्या-मुंबईच्या बागांत पाहून लोक मोहात पडतात. कोकणच्या जांभ्या मातीत ते ऐटीत वाढतं. इथं दुसऱ्या वर्षी पिवळं पडतं.

कुंती, म्हणजे माळ्याची मधुकामिनी, आपल्या गोडलिंबाची जवळची नातलग. पान चुरगाळून वास घेतला की नातं कळतं. सुगंधी आहे, काटक आहे, कुंपणाला सुरेख. पण कारंजा-मंगरुळपीर पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत, आणि संत्र्यावर ग्रीनिंगचा रोग पसरवणारा सिट्रस सायला नावाचा बारीक किडा कुंतीच्या कोवळ्या पालवीवर फार आवडीनं पोसला जातो. गावात, भर वस्तीत लावायला हरकत नाही. ज्यांचं घर बागेत किंवा बागेला लागून आहे, त्यांनी मात्र कुंतीचं कुंपण करू नये. हे रोपवाटिकेत कोणी सांगत नाही.

जाई, जुई, मोगरा आणि कुंद

गाण्यांत ही नावं जोडीनं येतात म्हणून झाडंही सारखीच समजली जातात. खूण पानात आहे. मोगऱ्याचं पान एकच, गोलसर आणि चकचकीत. कुंदाचंही पान एकच, पण त्यावर बारीक लव असते, आणि फुलं थंडीत येतात. जाईचं पान संयुक्त, एका देठावर सात-नऊ पर्णिका, आणि कळीला बाहेरून गुलाबी छटा. जुईला मोठी पर्णिका मधे एकच, देठाच्या दोन्ही बाजूंना कानांच्या पाळ्यांएवढ्या दोन इवल्या पर्णिका. कधी त्याही दिसत नाहीत. शास्त्रीय नावं सांगायची तर मोगरा जॅस्मिनम सांबॅक, कुंद मल्टिफ्लोरम, जाई ग्रँडिफ्लोरम, जुई ऑरिक्युलेटम. चमेली म्हणून जे देतात ती बहुधा जाईच.

उन्हाळी बहरासाठी मोगऱ्यासारखं झुडूप नाही, पण छाटणीशिवाय तो रुसतो. मार्गशीर्षात पाणी तोडावं, आठ-दहा दिवसांनी निम्म्यावर छाटावं, उरलेली पानं हातानं काढून टाकावीत, मग बुंध्याभोवतीची माती हलवून, शेणखत देऊन पुन्हा पाणी सुरू करावं. फाल्गुनापासून कळ्या लागतात, आणि जसा उन्हाचा चटका वाढतो तसा वासही. ‘माझा मोगरा नुसता पानांनी भरतो’ ही तक्रार येते तिथं बहुतेकदा तीन कारणं असतात : सावली, युरियाचा सढळ हात आणि छाटणीची भीती. बटमोगरा, हजारी, मदनबाण हे प्रकार एकाच झाडाचे. पाकळ्यांचे थर आणि कळीचा आकार वेगळा. गजऱ्याला मदनबाण, देवाला बटमोगरा, आणि भरपूर फुलं हवीत तर हजारी.

जास्वंद आणि तिची नातलग मंडळी

गावठी लाल एकेरी जास्वंद कारंज्याच्या मातीत तक्रार न करता वाढते. मोठ्या, दुरंगी, संकरित जास्वंदी दिसायला छान, पण वैशाखात त्यांच्या कळ्या न उमलता गळतात. कळीगळीला आधी पाण्याची अनियमितता पाहा. एक दिवस तुडुंब आणि चार दिवस कोरडं, याला गावठी जास्वंदही कंटाळते.

‘आमच्या जास्वंदीचं फूल कधी उमलतच नाही’ असं सांगणाऱ्यांकडे सहसा मिरची जास्वंद असते. ती जास्वंद नव्हेच, माल्व्हाव्हिस्कस नावाचं तिच्या कुळातलं दुसरं झुडूप. तिचं फूल मिटलेलंच राहतं, आजारामुळे नव्हे. अर्ध्या सावलीत ती मस्त फुलते आणि शिंजीर पक्षी तिच्यावर हमखास येतात. फूल देवाला वाहायचं असेल तर मात्र रोप घेतानाच हे पाहून घ्या.

कापसाच्या मुलखात जास्वंदीबद्दल आणखी एक लक्षात ठेवायचं. कपाशी, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातली. २००६ च्या सुमारास देशभरच्या कपाशीला ज्या पिठ्या ढेकणानं सतावलं, तो जास्वंदीवरही राहतो. शेतातली पऱ्हाटी उपटली तरी अंगणातल्या जास्वंदीवर आणि कुंपणाकडच्या गाजरगवतावर त्याची सोय होते. जास्वंदीच्या खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली की शेंड्यांची मागची बाजू पाहावी. पांढरा कापूस चिकटल्यागत दिसला तर तेवढे शेंडे कापून जाळावेत, उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, मग निंबोळी अर्क. ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात चिमूटभर कपड्यांचा साबण. वावरात फवारणी करणाऱ्याला हे नवं नाही, पण तोच माणूस अंगणातल्या झाडासाठी महागडी बाटली आणतो.

पिवळी कण्हेर : इथं चूक परवडत नाही

तांबडी, गुलाबी, पांढरी कण्हेर म्हणजे नेरियम. लांब, टोकदार, ताठ पानं, गुच्छात फुलं, बारीक लांब शेंगा. पिवळी कण्हेर निराळी. तिची फुलं घंटेच्या आकाराची, पानं अरुंद, आणि फळ हिरवं, चार कोनांचं, आत कठीण बी. ती बिट्टी. तिचं शास्त्रीय नाव पूर्वी थेवेशिया, आता कॅस्कबेला. नाव एक असलं तरी झाडं दोन, पण विषाच्या बाबतीत दोघींचं गोत्र एकच : दोघींचे सगळे भाग हृदयाचे ठोके बिघडवतात. त्यातही बिट्टीची बी जास्त धोक्याची, कारण ती मुलांच्या हातात खेळायला येते.

म्हणून लहान मुलं असलेल्या घरात, अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आवारात बिट्टी लावू नये; असेल तर फळं धरण्याआधी छाटावी. कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्या बकऱ्यांपुढे किंवा गोठ्याजवळ टाकू नयेत, चुलीत घालू नयेत, धूरही बाधतो. कोणी चुकून खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढण्याचे उपाय करत बसू नका. झाडाची एक फांदी पिशवीत घालून माणसाला ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्या. फांदी पाहिली की डॉक्टरांचा वेळ वाचतो. एवढं सांभाळता येत असेल तर कण्हेर टाकून देण्याचं कारण नाही. महामार्गांच्या दुभाजकात ती उगीच लावत नाहीत. ऊन, धूर, पाण्याचा तुटवडा, जनावरांची तोंडं, सगळ्यांना पुरून उरते.

रुईचंही तसंच. शनिवारी मारुतीला पानं हवीत म्हणून लोक दारात लावतात. लावा, पण तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. डोळ्याची बुबुळं सुजून दिसेनासं होऊ शकतं. मुलांना पानं तोडायला पाठवू नये.

उन्हाच्या भिंतीला काय, धुऱ्यावर काय

पश्चिमेकडची तापणारी भिंत ही कारंज्यातल्या घरांची खरी अडचण. तिथं बोगनवेल, शंकासूर, टिकोमा आणि कण्हेर एवढीच नावं मी घेईन. शंकासूर म्हणजे सीझाल्पिनिया. काही जण त्याला छोटा गुलमोहर म्हणतात, पण गुलमोहराचा तो भाऊ नव्हे, लांबचा नातेवाईक. बी कठीण असतं. खडबडीत फरशीवर एका बाजूनं घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं की लवकर रुजतं. फाल्गुनात गुडघाभर उंचीवर छाटला तर झुडूप राहतो, नाही तर वरच्या वर पळतो. टिकोम्याची पिवळी घंटाफुलं वर्षाचा बराच काळ असतात, मात्र शेंगा वाळण्याआधी तोडाव्यात; पंखवाल्या बिया वाऱ्यावर उडून आसपास कुठंही रुजतात. बोगनवेलीला तर लाड सोसत नाहीत. पाणी आणि खत भरपूर दिलं की नुसती पानं. थोडी तहानलेली ठेवली की रंग.

वावराच्या धुऱ्यावर, जिथं कोणी पाणी द्यायला जाणार नाही, तिथं रोपवाटिकेतलं काही नेऊ नका. तिथं आपलीच झुडपं बरी : निरगुडी, अडुळसा, मेहंदी, तरवड. निरगुडीचे जांभळट तुरे, अडुळशाची पांढरी फुलं, तरवडाची पिवळीधमक. आणि निरगुडी-अडुळशाला बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत. मेहंदीच्या फुलांचा वास किती लोकांनी घेतला असेल कोण जाणे. हातावर रंगणारी म्हणून ओळख, फुलांचा विचारच नाही. छाटणी न करता एक-दोन झुडपं सोडून पाहा. मुरमाड उतारावर धायटीही छान होते. तिची लाल फुलं आसव-अरिष्टांत घालतात, पण हिवाळ्याच्या शेवटी ती फुलली की औषध आठवत नाही.

अंगणात थंडीच्या दिवसांत फूल हवं तर कोरांटी. पिवळी काटेरी, पांढरी आणि जांभळी बिनकाट्याची. पाणी थोडं, माती काळी, देखभाल जवळजवळ नाही. हल्ली कोणी लावत नाही, कारण रोपवाटिकेत ती मिळत नाही. मागणीच नाही म्हणून ठेवत नाहीत. अबोली मागणाऱ्यांनी मात्र सावली आणि ओलावा दोन्हीची तयारी ठेवावी.

पारिजातक खुल्या जागी, निचऱ्याच्या ठिकाणी, पाऊलवाटेपासून हातभर दूर. पान खरखरीत, काचकागदागत. हीच त्याची खूण. उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळच्या किंतूरला ‘पारिजात’ म्हणून जे अजस्र झाड पुजतात ते आफ्रिकेतलं गोरखचिंच आहे, म्हणजे ही नावांची गंमत फक्त वऱ्हाडातली नाही. रातराणीमुळे साप येतात असं म्हणतात. सापाला फुलाच्या वासाचं काही नसतं. दाट गुंतलेल्या झुडपाच्या तळाशी उंदीर-बेडूक राहतात, त्यांच्या मागावर तो येतो. बुंध्याचा खालचा दीड-दोन फूट भाग फांद्या काढून मोकळा ठेवावा, पालापाचोळा साठू देऊ नये, आणि झुडूप झोपण्याच्या खिडकीपासून लांब लावावं. वास काहींना रात्रभर सोसत नाही.

आणि घाणेरी, तिलाच टणटणी म्हणतात, ती कुठंही लावू नका. शोभेचं झुडूप म्हणून ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत आणली, तिथून देशभरच्या रानांत घुसली. जनावरांनी खाल्ली तर यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलते. जवळच सोहळचं काळविटांचं अभयारण्य आहे, मोकळ्या गवताळ रानाचं; आपल्या कुंपणातली फळं खाऊन पक्षी बिया तिथवर नेतात. रोपवाटिकेत ‘लँटाना’ या गोड नावानं रंगीत जाती मिळतात, त्यांनाही नकोच म्हणा.

काळ्या मातीत लावताना

खड्डा वैशाखात घ्यावा, दीड फूट लांब-रुंद-खोल, आणि तापू द्यावा. भरण्याआधी एकदा पाण्यानं भरून पाहा. ते मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर तिथं निचरा नाही. काळी माती पावसात फुगते आणि खड्ड्याचा हौद होतो, मुळं त्यात गुदमरतात. अशा जागी खड्डा खोल करत जाण्याऐवजी जमिनीवर वीतभर उंचवटा करून लावावं. भरताना निघालेली माती, एक घमेलं मुरूम, एक घमेलं कुजलेलं शेणखत.

आंध्राकडून आलेल्या रोपाची पिशवी फाडली की लाल मातीचा गोळा निघतो. तो तसाच काळ्या मातीत ठेवला तर दोन्ही मातींचा मेळ बसत नाही. बाहेरची माती ओली दिसते आणि आतला गोळा कोरडा राहतो, किंवा उलट. गोळ्याच्या कडा हलक्या हातानं मोकळ्या कराव्यात, गुंडाळलेली मुळं सरळ करावीत. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडल्यावर लागवड करावी, पहिल्या सरीची घाई नको. पावसाळ्यात आळं मोडून बुंध्याला मातीची भर द्यावी, दिवाळीनंतर पुन्हा आळं करावं.

याहून सोपी आणि स्वस्त वाट शेजाऱ्यांकडून जाते. एखाद्याच्या अंगणात फुललेलं झुडूप आवडलं तर त्याची फांदी मागा. नावाचा प्रश्नच मिटतो, कारण फूल डोळ्यांनी पाहिलेलं असतं. माती आणि ऊन याच गावचं, त्यामुळे ते इथं टिकतं हेही सिद्ध झालेलं असतं. जास्वंद, तगर, कण्हेर, बोगनवेल आषाढ-श्रावणात फांदीपासून सहज होतात : पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी, खालची पानं काढलेली, दोन डोळे मातीत. मोगऱ्याची लवचिक फांदी वाकवून मातीत दाबून ठेवावी, महिना-दीड महिन्यानं मुळं फुटली की आईपासून तोडावी. देवचाफ्याची फांदी मात्र तोडल्यावर आठवडाभर सावलीत सुकू द्यावी, चीक आटल्याशिवाय लावली तर कुजते.

पहिला उन्हाळा निभावला की पुढचं सोपं. रोज संध्याकाळी पाइपनं पानं भिजवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा मुळांपर्यंत पोचेल असं पाणी द्यावं. बुंध्याभोवती सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार चार बोटं जाड पसरावं, खोडाला चिकटू देऊ नये. पश्चिमेकडून तुऱ्हाट्यांचा आडोसा पहिल्या वर्षी पुरतो, हिरव्या नेटचा खर्च नको. नळ दिवसाआड येत असेल तर बाद झालेला माठ गळ्यापर्यंत झाडाशेजारी पुरून भरून ठेवावा. पाझरतं पाणी मुळांना पुरवून पुरतं.

आणि नावाची पाटी लावाच. शाईनं लिहिलेली विदर्भाच्या उन्हात एका मोसमात पुसली जाते. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याची पट्टी कात्रीनं कापावी, कडा दुमडाव्यात, मऊ कापडावर ठेवून बॉलपेननं दाबून लिहावं : घरातलं नाव, शास्त्रीय नाव, फांदी कोणाकडून आणली आणि कोणत्या साली. तार बुंध्याला आवळून न बांधता सैल ठेवावी, म्हणजे खोड जाड झाल्यावर ती रुतत नाही.